नवी वाळू किती

कुपवाडच्या शेडमधली आमची वाळू अठ्ठ्याहत्तर सालची आहे.
म्हणजे तीच, पुन्हा पुन्हा जळलेली,
साचा फोडला की खाली पडलेली,
चाळून, भिजवून परत पेटीत ठासलेली.
तिनं दादांचा पहिला इंपेलर पाहिलाय
आणि परवाचाही.
सहा इंची, कृष्णाकाठच्या पंपांचा.
औदुंबरपासून म्हैसाळपर्यंत पाणी चढतं ते आपल्या जिवावर,
असं दादा म्हणायचे, थोडं वाढवून.

वाळूचं दस्तगीरचाचा बघतात.
मूठ आवळतात, उघडतात,
ढेकूळ मोडून तुटलेली कड न्याहाळतात.
कड सरळ तुटली तर ठीक.
भुरभुरली तर म्हणतात, "मेलीय. नवी घाला."
किती?
"तुमच्या वहीत नाय बसायचं ते."
मग सगळीच नवी घालू का, विचारलं एकदा.
"मग कारखाना वाळूचाच काढा, बाई."

भावाची सन्मती वालचंदमधून शिकून आली.
तिला विजेच्या रिक्षाच्या मोटरीचं कवच ओतायचं होतं,
साडेतीन मिलिमीटर जाड,
म्हणजे आमच्याकडच्या भाकरीपेक्षा पातळ.
मी म्हणाले, ओत की, कोण अडवतंय?
शेडचा कोपरा दिला, मायाप्पाला मदतीला दिलं,
आणि दिवसाची शेवटची लॅडल.
त्या दिवशी मी मला फार उदार वाटले.

सतरा कवचं फुकट गेली.
एकाला कडच नाही, एकाच्या पोटात भोक,
एक मधोमध शिवल्यासारखं:
दोन्हीकडून आलेलं लोखंड
भेटलं, पण एक झालं नाही.
सगळी परत भट्टीत.
लोखंडाचं बरं असतं, चूक वितळते.
विजेचं बिल वितळत नाही.
ते मी तिच्यासमोर वाचून दाखवलं,
आकडा दोनदा.

माघात पंपांचा हंगाम.
तासगावचा फोन, आष्ट्याचा फोन,
चारशे नग, शिमग्याच्या आत.
मी म्हणाले, सन्मती, तुझं आता थांबव.
ती काही बोलली नाही.
थर्मोकपलची कांडी घेऊन
भट्टीपासून लॅडलबरोबर चालत गेली,
पहिल्या पेटीपासून तिच्या कोपऱ्यापर्यंत,
आणि वही माझ्या टेबलावर ठेवली.
पहिली पेटी, चौदाशे वीस.
चाळिसावी, तेराशे चाळीस.
माझी, तेराशे दहा.
खाली सहीसुद्धा नाही.

पंख्याखाली ते पान फडफडत राहिलं.
नव्याला जागा दिली म्हणत होते मी,
दिलं होतं ते उरलेलं, निवलेलं.
चूल विझवल्यावर
तव्यातल्या उरल्या धगीवर
पोरीला पहिली भाकरी भाजायला बसवावं, तसं.
आणि वर विचारावं, फुगली का नाही?

बेस्तरवारी पहिली लॅडल तिच्याकडं वळवली.
महादेव मोल्डर ओठ आवळून उभा राहिला.
रांगेच्या शेवटचे अकरा इंपेलर थंड पडले,
आष्ट्याला गेले नाहीत.
आष्ट्याहून जे ऐकावं लागलं
ते इथं लिहीत नाही.

रात्री साचा फोडला.
चाचांनी सांडशीनं कवच उचललं, हातोडी मारली.
वाजलं.
पुरतं जमलं नव्हतं, एका कानाशी अजून फुगा होता,
पण आवाज बद्द नव्हता.
मायाप्पानं उगाच आणखी एकदा वाजवून बघितलं.

आता बेस्तरवारची पहिली लॅडल तिची.
बाकी दिवस पंपांचे, दादांचे, पगाराचे.
शुक्रवारी वाटतं, फार दिलं.
मंगळवारपर्यंत वाटायला लागतं, कमीच.
संध्याकाळी ढिगाशी जाऊन
मीही मूठ आवळते, उघडते.
ढेकूळ कधी सरळ तुटतं,
कधी बोटांतून निसटून जातं.
चाचा लांबून बघतात,
तंबाखू मळतात,
सांगत काही नाहीत.